जिरविले किती आणि उपसले किती?

पाणी अडविण्याच्या कामांस विरोध करणारा मनुष्य महाराष्ट्रात आज शोधूनही सापडणार नाही. नालाबांध, समतल चर, पाझर तलाव हे शब्द शाळकरी मुलांच्या निबंधांतही रुळले आहेत. श्रमदानासाठी शहरांतील तरुण कुदळी घेऊन खेड्यांत जातात, हेही स्वागतार्हच आहे. तथापि एवढे पाणी अडवूनही ऐन वैशाखात टँकरची वाट पाहणारी गावे का उरतात, हा प्रश्न आता टाळता येणार नाही. आमच्या मते त्याचे उत्तर आभाळात नसून विंधनविहिरीत आहे.

राज्याच्या सुमारे चार-पंचमांश भूभागाखाली काळा कातळ आहे. गंगेच्या खोऱ्यातील गाळाच्या भूमीप्रमाणे तो पाणी सामावून घेत नाही. वरच्या मुरुमात आणि कातळाच्या भेगांत मावेल तेवढेच पाणी तेथे राहते. पर्जन्यछायेतील एखाद्या तालुक्यात वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तर एका हेक्टरावर ५० लाख लिटर पाणी पडते आणि त्यांतले आपोआप भूगर्भात उतरते ते ढोबळ मानाने दहाव्या हिश्श्याएवढे. उलट एक हेक्टर ऊस वर्षाकाठी सुमारे २ कोटी लिटर पाणी मागतो. म्हणजे चार हेक्टरांवरील पावसाचा थेंब न् थेंब अडविला, तरी तो एका हेक्टरातील ऊस पिऊन टाकील! हे साधे त्रैराशिक आहे. त्यास जलतज्ज्ञाची आवश्यकता नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेल्या ‘जलयुक्त शिवार’ अभियानाने २०१९ पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करण्याचा संकल्प सोडला होता. त्यावर ९,६०० कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला आणि भूजलपातळी वाढविण्यात त्याचा फारसा उपयोग झाला नाही, असा निष्कर्ष महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये नोंदविला. त्यावरून पक्षोपक्षांनी एकमेकांवर उडविलेली धूळ पुरे झाली. बंधाऱ्याची लांबीरुंदी मोजली जाते व बिल निघते. त्याच्या काठी त्यानंतर किती नव्या विंधनविहिरी पडल्या, हे त्या बिलात येत नाही, हे खरे दुखणे आहे. शेततळ्यांचीही तीच कथा. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यातून जमिनीत थेंबही मुरत नाही. आणि ते पावसाने न भरता विहिरीच्या पाण्याने भरले, तर भूगर्भातील सुरक्षित साठा वर आणून उन्हात वाळत घातल्यासारखेच झाले.

हे सर्व आपल्याकडे कोणास ठाऊक नव्हते, असे नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. त्यात पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर नव्हे, कुटुंबातील माणसांवर ठरला. भूमिहीनालाही हक्क मिळाला आणि ऊस वर्ज्य झाला. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यानुसार पिके ठरविते; शेतीसाठी विंधनविहीर घेण्यास तेथे मनाई आहे. पाहुणे तेथे जातात, डोंगरावरील चरांची छायाचित्रे काढतात आणि परततात. ताळेबंदाचे छायाचित्र कोण काढणार?

कायदाही आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोताजवळ ५०० मीटरांच्या आत दुसरी विहीर घेण्यावर १९९३ मध्येच निर्बंध आला. २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून लागू आहे. त्यात साठ मीटरांहून खोल विहिरींना आळा घालण्याची आणि पाणलोटनिहाय पीक-आराखड्याची तरतूद आहे. परंतु खोदाईचे यंत्र रात्री शिवारात शिरते, तेव्हा हा अधिनियम कोणाच्या कपाटात असतो? ऊसकरी मतदाराला दुखविण्याची सरकारची तयारी नाही, हे स्पष्टच बोलले पाहिजे. अर्थात ज्याला हमखास भाव केवळ उसातच दिसतो, त्या शेतकऱ्याला नुसता उपदेश करण्याचा अधिकार आपणां शहरवासीयांस नाही. गच्चीवरील पाणी जिरविण्याचा खड्डा परवानगीपुरता खणून पुढे टँकरवर विसंबणाऱ्या गृहसंस्था आमच्या वाचकांच्याच आहेत. आणि तो टँकरही बहुधा कोणत्या तरी खेड्याच्या विहिरीवरच भरलेला असतो.

‘जलयुक्त’चा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. त्यातील गावांबाबत आमची सरकारकडे एकच मागणी आहे : ग्रामसभेने उपशाचा हिशेब आणि पीकमर्यादा ठरवून चावडीवर लावल्याखेरीज बंधाऱ्याचे पहिले बिल मंजूर करू नये, आणि या हिशेबाप्रमाणे ज्वारी, तूर, हरभरा पेरणाऱ्याचा माल हमीभावाने खरोखर खरेदी व्हावा.