खसखस : वाटलेली आणि अख्खी



गेल्या फाल्गुनात माझ्या एका जुन्या रुग्ण आजींनी तपासणीच्या टेबलावर एक डबा ठेवला. त्या बेने इस्रायली, वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या समाजात पुरीमला ‘होळीचा सण’ असेही म्हणत आले आहेत. दोन्ही सण आसपासच येतात ना! डब्यात नातसुनेने इस्रायलहून आणलेली तिकोनी बिस्किटे होती, आत काळसर सारण. आजी म्हणाल्या, “डॉक्टर, ही खसखस आहे. तुम्ही मला बिया बंद केल्या आहेत. सणाचे एक खाऊ का?”

या बिस्किटांना हामानटाशन म्हणतात. पुरीमच्या कथेत हामान हा ज्यूंच्या नाशाचा कट रचणारा इराणी दरबारातला मंत्री, आणि तो कट उधळणारी राणी एस्तेर. पण मूळ नाव बहुधा ‘मोनटाशन’, म्हणजे खसखशीचे खिसे. ‘मोन’ म्हणजे खसखस. नाव पुढे हामानाला चिकटले. राजवाड्यात एस्तेरने निषिद्ध अन्न टाळून कडधान्ये आणि बियांवर गुजराण केली, अशीही एक आख्यायिका सांगतात. हा पदार्थ मूळचा अश्केनाझी ज्यूंचा. हंगेरीतल्या ज्यू घरांत ‘फ्लोदनी’ नावाची थरांची मिठाई होते. तिच्यात सफरचंद आणि अक्रोडाबरोबर खसखशीचाही एक थर असतो. शब्बाथच्या हल्ला नावाच्या पावावर मात्र तीच खसखस अख्खी भुरभुरतात.

त्यांची खसखस निळसर-करडी, आपली अनारशावरची पांढरी. सारणासाठी ती कधीच अख्खी घेत नाहीत. पूर्वी खलबत्त्यात कुटत, नंतर हातचक्क्या आल्या. मग दुधात किंवा मधात शिजवून मनुका, लिंबाची साल घालतात. दाणा फुटल्याशिवाय त्यातले तेल आणि चव सुटत नाही, हे त्या सुगरणींना ठाऊक होते. वैद्यकीयदृष्ट्याही भेद तोच आहे. अख्खा दाणा म्हाताऱ्या दातांना चावत नाही, कवळीखाली शिरून हिरडी दुखवतो आणि बहुधा न पचताच बाहेर पडतो. वाटलेली खसखस मऊ लागते आणि अंगी लागते.

आता माझी कबुली. आजींच्या मोठ्या आतड्याला लहान लहान कप्पे पडले आहेत. या विकाराला डायव्हर्टिक्युलोसिस म्हणतात. बी कप्प्यात अडकेल आणि सूज येईल, असे आम्हाला विद्यार्थिदशेत शिकवले गेले, आणि मी ते वर्षानुवर्षे रुग्णांना सांगत राहिलो. २००८ साली अमेरिकेतील सुमारे ४७ हजार पुरुषांच्या १८ वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेंगदाण्यासारखे कठीण दाणे, मका, मक्याच्या लाह्या यांनी धोका वाढलेला आढळला नाही. त्या सल्ल्याला भक्कम पुरावा कधीच नव्हता. ते वाचूनही आजींचा केसपेपर मी दुरुस्त केला नव्हता. त्यांनी किती सण कोरडे काढले, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

खरी काळजी साखरेची. सारणात मध, कवचात साखर आणि मैदा. मधुमेही व्यक्तीने एक, तेही जेवणानंतर आणि त्या जेवणातली पोळी कमी करून. खसखशीत कॅल्शियम भरपूर असते, पण चमचाभर खाऊन हाडे बळकट होतील अशी आशा नको. वाटलेली खसखस लवकर खवट होते. लागेल तेवढीच वाटावी.

काळजीवाहकांनी एक मात्र ध्यानात ठेवावे. बीला बोंडाच्या चिकाचा अंश लागलेला असू शकतो. धुणे, वाटणे, भाजणे यांनी तो बराच कमी होतो आणि मिठाईपुरत्या प्रमाणात भीती नसते. परंतु झोप यावी म्हणून न धुतलेली खसखस किंवा बोंडे उकळून त्याचे पाणी वृद्धांना पाजू नये. अशा काढ्याने परदेशात मृत्यू झाले आहेत. संयुक्त अरब अमिरात किंवा सौदी अरेबियात मुलांकडे जाताना सामानात खसखस नेऊ नका, तिथे तिला बंदी आहे.

आजींनी कवळी नीट बसवून अर्धे बिस्कीट तिथेच खाल्ले. उरलेले अर्धे त्यांनी माझ्या हातावर ठेवले, आणि केसपेपरवरची ‘बिया वर्ज्य’ ही ओळ मी त्यांच्यादेखत खोडली.