पक्षी शिकायचेत? ‘ए’ ग्रेडच्या नादी लागू नका!

तोंडी परीक्षेत उत्तर बरोबर आलं आणि तरीही मार्क शून्य, असं कधी झालंय तुमचं? माझं झालंय. फक्त परीक्षक आपल्या डिपार्टमेंटचे नव्हते आणि विषय मशीन डिझाईन नव्हता. विषय होता पक्षी!

झालं असं, की डिसेंबर २०२४ मध्ये वर्कशॉपमागची झुडपं काढून तिथे टू-व्हीलर पार्किंग करायचं घाटत होतं. झुडपं म्हणजे घाणेरी, बोर, तीन-चार वाकड्या बाभळी आणि मध्येच कुणीतरी टाकून दिलेला लेथचा सांगाडा. बघणाऱ्याला उकिरडाच वाटेल. पण सकाळी साडेसहाला तिथे जाऊन दहा मिनिटं गप्प उभं राहा, मग कळतं. आम्ही सात-आठ जणांनी ठरवलं की प्राचार्यांना पत्र द्यायचं आणि सोबत तिथल्या पक्ष्यांची यादी जोडायची. माझा चष्मा उणे सहाचा. पानाआडचा चिमणीएवढा पक्षी मला सापडेपर्यंत तो पुढच्या झाडावर पोचलेला असतो. म्हणून माझ्याकडे कानाचं खातं आलं. दोन महिने मी पक्ष्यांचे आवाज घासत होतो, अगदी सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा.

यादी तयार झाली, ३४ नावांची. देण्याआधी ती एका काकांना दाखवली. काका वेताळ टेकडीवर वर्षानुवर्षं रोज फिरतात आणि दुर्बिणीपेक्षा कानाने जास्त पक्षी बघतात. त्यांचं बोट एका नावावर थांबलं. ब्लिथ्स रीड वॉर्ब्लर.

“हा कोणी लिहिला?”

“मी, काका.”

“दिसला?”

“नाही, ऐकला. बाभळीवर गात होता. पाच मिनिटं गात होता! बाकीच्या पक्ष्यांच्या नकला करत.”

“डिसेंबरात? बाभळीच्या शेंड्यावर?” काका हसले. “तो बाभळीवर नाही, तुझ्या मोबाईलमध्ये गात होता बाळा.”

दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. बाभळीवरचा गवई तिथेच होता आणि सूर लावून बसला होता. काकांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. डोळ्यावर काळी पट्टी, लांब शेपूट. नकल्या खाटीक! नावातच सगळं आलं. मी मान खाली घातली. तेवढ्यात पायाजवळच्या घाणेरीतून एक आवाज आला, “चक्”. मग थोडं थांबून पुन्हा “चक्”. कोणीतरी जीभ टाळूला लावून सोडावी तसा. काका म्हणाले, “आणि हा तुझा ब्लिथ.”

म्हणजे बघा, नाव बरोबर होतं. पक्षीही तिथेच होता. दोन महिने मी त्याच्या शेजारी उभा होतो आणि तो रोज मला हाका मारत होता. पण मी बघत होतो वर, बाभळीकडे! “मग यादीत राहू द्यायचं ना?” मी चाचरत विचारलं. “राहू दे. पण पत्र घेऊन गेल्यावर कोणी विचारलं, हा कसा ओळखलास, तर काय सांगशील?” काकांचा प्रश्न. एक नाव असं निघालं की उरलेल्या ३३ नावांवरचा विश्वास जातो, आणि झुडपं जातात.

त्या रात्री मी शोधून काढलं की माझं चुकलं कुठे. कान ठीक होते, फाईल चुकली होती.

झेनो-कँटो हा पक्ष्यांच्या आवाजांचा खजिना २००५ मध्ये सुरू झाला. जगभरच्या हौशी आणि जाणत्या लोकांनी दिलेली लाखो रेकॉर्डिंग्ज तिथे फुकट ऐकता येतात. प्रत्येक फाईलला स्पष्टपणानुसार ‘ए’ पासून ‘ई’ पर्यंत ग्रेड असते. आता आपण पडलो इंजिनिअरिंगवाले! ग्रेड दिसली की आपली बोटं आपोआप ‘ए’ कडे जातात. मीही तेच केलं. सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात लांब, सगळ्यात सुंदर फाईल उतरवून घेतली. ती होती फिनलंडमधली, जून महिन्यातली, रात्रीची.

गंमत अशी की हा पक्षी शास्त्राच्या पुस्तकात आला तो आपल्याकडूनच. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीचं संग्रहालय सांभाळणाऱ्या एडवर्ड ब्लिथने १८४९ मध्ये त्याचं वर्णन केलं. पण तो आपल्याकडे येतो हिवाळा काढायला. घरटं करतो तिकडे, फिनलंडपासून रशिया आणि मध्य आशियापर्यंत. गाणं असतं ते जोडीदारासाठी आणि हद्दीसाठी, तेही तिकडेच. फिनलंडच्या रात्री तो इतर पक्ष्यांच्या नकला करत तास न् तास गातो. इथे येऊन तो काय करतो? किडे खातो आणि “चक्” म्हणतो. मार्च-एप्रिलमध्ये निघायच्या सुमारास जरा गुणगुणतो, एवढंच. माझं म्हणजे असं झालं, की एखाद्याला लग्नाच्या व्हिडिओवरून ओळखायला शिकलो आणि मग त्याला भाजी मंडईत शोधत बसलो.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात ठाम मत. फाईल निवडताना ग्रेड शेवटी बघा. आधी बघा गाव, मग महिना, मग आवाजाचा प्रकार. हे तिन्ही फाईलसोबत लिहिलेलं असतं, आपणच वाचत नाही. डेटाशीट न वाचता आयसी लावली की काय होतं, हे मी तुम्हाला काय सांगावं?

‘प्रकार’ हा भाग तर फारच महत्त्वाचा. सगळ्यांना गाणं हवं असतं, साधी हाक कोणाला नको. कोकीळ घ्या. “कुहू” सगळ्यांना येतं, आणि ते नराचं असतं हेही आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण मादीचं ते भरभर “किक्-किक्-किक्” ऐकून किती जण मान वर करतात? अर्धी जमात आपल्या कानावरून रोज निघून जाते, कारण आपल्या फाईलमध्ये ती नाही. प्रत्येक पक्ष्याचं गाणं, हाक आणि धोक्याचा इशारा असे तिन्ही आवाज मिळाले तर घ्या. ते नाही मिळाले तर निदान हाक तरी घ्याच. वर्षातले बरेच महिने तीच ऐकू येते.

आता गावाबद्दल. जुन्या इंग्रजी पुस्तकांत ग्रेट टिट म्हणून असलेल्या आपल्या वल्गुलीला आता अनेक अभ्यासक युरोपातल्या ग्रेट टिटपासून वेगळी जात मानतात. त्या जुन्या नावाने शोधलंत तर युरोपातल्या फाईलींचा ढीग मिळेल. सह्याद्रीतली, निदान दख्खनमधली फाईल शोधा. थोडी खरखरीची असली तरी चालेल.

खरं म्हणजे खरखर असलेली बरी! स्वच्छ रेकॉर्डिंग पक्ष्याजवळ जाऊन किंवा पॅराबोलिक डिश लावून केलेलं असतं. कधी खालच्या फ्रिक्वेन्सी फिल्टरने कापलेल्या असतात. आपण ऐकतो ते पन्नास मीटरवरून, पानांमधून गाळून आलेलं. लांबून येताना वरच्या फ्रिक्वेन्सी आधी गळतात, त्यामुळे जवळून कुरकुरीत वाटणारा आवाज लांबून बोथट होतो. म्हणून ‘ए’ ग्रेडची एक फाईल ओळख करून घ्यायला ठेवा, आणि ‘बी’ किंवा ‘सी’ च्या तीन-चार सरावाला.

तीन-चार का, एक का नाही? सांगतो. नाचण या पक्ष्याची मी एकच फाईल पाठ केली होती. तिच्यात चौथ्या सेकंदाला लांबवर एक कुत्रं भुंकतं. टेकडीवर नाचण समोर गात होता आणि मी ढिम्म! कारण कुत्रं भुंकलं नाही. मशीन लर्निंगवाल्या मित्रांनी याला ओव्हरफिटिंग म्हणून लगेच नाव ठेवलं. शिंपी आणि सुभग यांच्यासारख्या पक्ष्यांच्या बाबतीत तर एका फाईलवर भरवसा ठेवणं म्हणजे आत्महत्याच. एकेकाकडे इतक्या चाली असतात की वाटावं, निराळाच पक्षी आला.

माझ्या दादाकडे पूर्वी एक सीडी होती. निवेदक नाव सांगायचा, दहा सेकंद आवाज, की पुढचं नाव. दादाला सगळे पक्षी पाठ, पण त्याच क्रमाने. मधूनच एखादा लावला की दांडी गुल. तेव्हा नावं झाकून, फाईली उलटसुलट करून ऐका. आणि एका वेळी दहा पक्षी बास! शंभर आवाजांचा संग्रह उतरवून ठेवणं म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी अख्ख्या सिलॅबसच्या झेरॉक्स काढण्यासारखं आहे. समाधान मिळतं, बाकी काही नाही.

लक्षात ठेवायला मराठीच वापरा. पावशा इंग्रजीत “ब्रेन फीव्हर” म्हणतो, हिंदीत “पी कहाँ” विचारतो, आपल्याकडे मात्र “पेरते व्हा” सांगतो. माझी आजी कधी शाळेत गेली नाही, पण हा पक्षी तिला कुठल्याही फाईलशिवाय येत होता. सोबत सोनोग्रामही बघा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर फ्रिक्वेन्सी, हे चित्र आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवं. तांबटाची “टुक टुक” म्हणजे एकाच उंचीवर सारख्या अंतराने मारलेल्या रेघोट्या. एकदा पाहिलं की विसरत नाही. आणि हेडफोन लावाच. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरवर भारद्वाजाचा घुमारा पार मरतो.

“अरे, पण आता अ‍ॅप आहे की!” हा आमच्या रूमवर नेहमी होणारा वाद. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने मर्लिन अ‍ॅपमध्ये आवाजावरून पक्षी ओळखायची सोय २०२१ मध्ये आणली. ते आवाजाचं असंच चित्र करतं आणि त्यावरून नाव सुचवतं. मीही वापरतो, भारी आहे. पण ते सुचवतं, साक्ष देत नाही. बाभळीवरचा नकल्या खाटीक दुसऱ्याच्या आवाजात बोलायला लागला की माणूस फसतो तसं तेही फसू शकतं. शेंड्यावर बघायचं काम शेवटी आपलंच. प्राचार्यांसमोर “अ‍ॅप म्हणालं” असं सांगून भागत नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. शिकायला घेतलेली फाईल झुडपासमोर वाजवू नका. मी एकदा वाजवली होती. नाचण धावून आला, माझ्या डोक्याभोवती शेपूट फुलवून कितीतरी वेळ फिरत राहिला. मित्रांना फोटो मिळाले. त्याच्या दृष्टीने त्याच्या घरात परका नर घुसला होता, आणि विणीच्या दिवसांत तो घरटं सोडून एका मोबाईलशी भांडत होता. काकांना हे मी अजून सांगितलेलं नाही. आता छापून आल्यावर कळेलच.

असो. यादी आम्ही परत केली. सहा सकाळी, प्रत्येक वेळी दोघं, ऐकलेलं नाव वेगळं आणि पाहिलेलं वेगळं लिहिलं. ३४ ची २७ झाली. सात नावं खोडताना जिवावर आलं, त्यातली पाच माझी होती. ब्लिथ राहिला, समोर लिहिलंय: “हाक ऐकली, घाणेरीत पाहिला.” पत्र दिलंय, निर्णय व्हायचाय. आणि या भानगडीतून आमचं स्वतःचं एक फोल्डर सुरू झालंय, फक्त वर्कशॉपमागच्या आवाजांचं, तारीख-वेळेसकट. त्यातली पहिली फाईल चौदा सेकंदांची आहे. दोनदा “चक्”, मागे काँक्रीट मिक्सर आणि शेवटी वॉचमनकाकांचा खोकला. ग्रेड द्यायची तर ‘डी’. ज्याला हवी त्याने पेन ड्राईव्ह घेऊन यावं, आम्ही रविवारी साडेसहाला लेथच्या सांगाड्यापाशी असतो.