नरांचा तंटा

आमच्या बेज्जूरला, किंवा आणखी कोठेही, परसात बदके पाळणाऱ्या कुटुंबापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. पिलांत सुमारे निम्मे नर निघतात आणि वयात येताच त्यांची हाणामारी जुंपते. शेपटीवरचे वर वळलेले पीस आणि घोगरा आवाज ही नराची खूण.

पहिल्या झटापटी मानाच्या असतात. थोरला-धाकटा ठरला की त्या शमतात. म्हणून त्यांत आपण पडू नये. रक्त दिसले, तर मात्र दुबळ्यास वेगळे काढावे. दाण्याची भांडी दोन-तीन ठेवावीत; हरलेल्यास पळावयास वाट हवी.

खरे भय मादीचे. अनेक नर एकीवर तुटून पडले म्हणजे तिच्या मानेची पिसे उपटली जातात; पाण्यात तर ती बुडून मरते. यास्तव पाच-सहा माद्यांमागे एकच नर ठेवावा. उरलेले नर माद्यांच्या दृष्टीआड एकत्र ठेवले, तर बहुधा गुण्यागोविंदाने नांदतात. केवळ खाण्यापुरती अंडी हवी असल्यास नराची गरजच नाही. मादी त्याच्यावाचूनही अंडी घालते.

शाळेच्या पटांगणात आम्ही हेच शिकलो: छडी उगारण्याआधी भांडणाचे मूळ शोधावे.