रविवारच्या एका तासाचा हिशोब

नातवाला खेळायला कॉम्प्युटर घ्यावा की टीव्हीला जोडायचा कन्सोल, हा प्रश्न आता बऱ्याच घरांत येतो. मुलगा-सून म्हणतात, कॉम्प्युटरच बरा, अभ्यासालाही होईल. माझं मत कन्सोलच्या बाजूचं आहे, आणि बी.कॉम.ची सवय, म्हणून हिशोबानेच सांगते. (कोणता खेळ घरात यावा आणि कोणता नाही, हा वेगळा विषय. त्यात मी कुणाचं ऐकत नाही.)

आमच्याकडे कॉम्प्युटर आहे. नातवाला रविवारी एक तास खेळायची परवानगी. त्या तासात आधी विंडोजचं अपडेट, मग ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरचं, मग खुद्द खेळाचं. एवढं उरकलं की पडद्यावर येतं, शेडर्स तयार होत आहेत. शेडर्स म्हणजे प्रकाश, सावल्या, रंग कसे दाखवायचे याच्या बारीक आज्ञा. कन्सोल सगळ्यांकडे एकाच घडणीचा, म्हणून त्या आधीच तयार करून पाठवता येतात. कॉम्प्युटर घरोघरी वेगळा, मग दळण ज्याचं त्याने घरीच दळायचं. चाळीस मिनिटं अशी गेल्यावर पोरगा म्हणतो, "आजी, अजून अर्धा तास दे ना," आणि आई म्हणते, खेळाने मुलगा तापट झालाय. अगं, तो खेळलाय कुठे अजून?

हे आपल्याच घरी होतं असं नाही. जून 2015 मध्ये 'बॅटमॅन: अर्कम नाइट' आला, तो कॉम्प्युटरवर इतका अडखळायचा की कंपनीला त्या आवृत्तीची विक्री थांबवावी लागली. ती पुन्हा सुरू झाली ऑक्टोबरात. 'स्टीम'वर घेतलेला खेळ 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. पण खेळ उघडून शेडर्स बनत बसले, तरी ते घड्याळ चालूच!

कन्सोल सोन्याचा आहे असं मी म्हणत नाही. खेळ महाग पडतात, मित्रांशी ऑनलाइन खेळायला बहुतेक खेळांत वर्गणी भरावी लागते. 'सायबरपंक 2077' जुन्या कन्सोलवर इतका वाईट चालला की डिसेंबर 2020 मध्ये सोनीने तो आपल्या दुकानातून काढला होता. अपडेट्स तिथेही असतात, पण ती रात्री आपण झोपलो असताना आपोआप उतरवून घेता येतात. मुलाचा तास मुलाकडे राहतो, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी रक्कम तीच.

घेणार असाल तर डिस्क घालता येईल असाच घ्या. एक खेळ संपला की डिस्क विकता येते, शेजारच्या मुलाशी अदलाबदल करता येते. दुसरा कंट्रोलरही घ्या, म्हणजे भावंडं शेजारी बसून खेळतील. आणि अभ्यासाला साधा लॅपटॉप पुरतो, त्यात महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते वाचलेले पैसे सुनेला दाखवा.