पहिल्या घोटाचा न्याय

बागा म्हटले की गोमंतकीय वाचकाच्या डोळ्यांपुढे कळंगुटच्या शेजारचा तो गजबजलेला किनारा उभा राहतो. पोर्तुगालमधील शेतकऱ्यास मात्र या नावाने एक काळे द्राक्ष आठवते. आवेइरू आणि कुइंब्रा या शहरांच्या दरम्यान, अटलांटिकच्या ओल्या वाऱ्यात, बाइर्राडाच्या चिकणमातीत हे द्राक्ष पिकते. त्याची तांबडी वाइन कोवळ्या वयात चाखणाऱ्याची जीभ कोरडी पडते, हिरड्या आवळून येतात आणि 'हे काय पेय झाले?' असा निवाडा देऊन तो पेला खाली ठेवतो. हा निवाडा कितपत न्याय्य आहे, याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

मद्यपानाचा पुरस्कार हा आमचा हेतू नव्हे. मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे, आणि जो पीत नाही त्याने प्यावे असे आम्ही कधीही म्हणणार नाही. परंतु ज्या भूमीत मद्य हा शेतीचा, उद्योगाचा आणि करवसुलीचा विषय आहे, तेथे त्याविषयी मौन पाळणे हा शहाणपणा ठरत नाही.

आपल्या पूर्वजांनी षड्रसांत कषाय रसाला मानाचे स्थान दिले. आधुनिक शास्त्र म्हणते की तुरटपणा हा चवीपेक्षा स्पर्शाचाच अनुभव अधिक. द्राक्षाची साल, बी आणि देठ यांत टॅनिन नावाची द्रव्ये असतात. ती लाळेतील प्रथिनांना धरून ठेवतात, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि तोंडाला कोरड पडते. कडक चहा, कोवळी सुपारी, हिरडा आणि आपला काजूचा बोंडू यांचा अनुभव याच जातीचा. बागाचे मणी लहान आणि साल जाड. त्यामुळे रसाच्या मानाने तुरटपणा जास्त. शिवाय आंबटपणाही तीव्र.

परंतु जे द्रव्य तोंड आवळते, तेच त्या वाइनला दीर्घायुष्यही देते. वर्षे लोटतात तसे टॅनिनचे कण एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जुळत जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. दहा, वीस वर्षांनी तीच वाइन मऊ होते. आंबट फळाच्या वासामागून तंबाखूचा, सुकल्या पानांचा, ओल्या रानाचा गंध वर येतो. पेल्यात वा रुंद सुरईत तास-दोन तास हवा लागू दिली तर गंध थोडा मोकळा होतो, हे खरे. पण वर्षांचे काम तासांत होत नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. प्रत्येक तुरटपणा मुरल्याने गोड होत नाही. बागा उशिरा पिकते आणि पिकण्याच्या ऐन वेळी पावसाची भीती असते. त्या भीतीने घड कच्चेच खुडले, तर तो हिरवा कडूपणा वीस वर्षांनीही जात नाही. म्हणजे धीर आधी मळ्यात हवा, मग तळघरात. लुईश पातु यांच्यासारख्या उत्पादकांनी १९८० च्या दशकापासून देठ वेगळे काढून या द्राक्षाला सौम्य रूप दिले. ती परंपरेशी बेइमानी नव्हती. बागाचा स्वभाव ओळखून केलेली मशागत होती.

या द्राक्षाने अन्यायही सोसला आहे. जेझुइटांच्या हकालपट्टीमुळे गोव्याच्या इतिहासालाही परिचित असलेल्या मार्किश द पोंबाल यांनी १७५६ साली दोरू खोऱ्याची सीमा आखून दिली. आणि बाइर्राडाची गडद वाइन पोर्टमध्ये मिसळली जाते म्हणून येथील वेली उपटण्याचा हुकूम काढला. आज हुकूमशहाची जागा बाजाराने घेतली आहे. २००३ साली नियम सैल झाले आणि काबेर्ने, मेर्लो या परकी जातींना या प्रदेशात मुभा मिळाली. लवकर विकली जाणारी वाइन समोर असताना लहान शेतकऱ्याने दहा वर्षे माल अडकवून का ठेवावा? व्याज थांबत नाही आणि मुलांच्या शाळेची फीही थांबत नाही. पहिल्या घोटावर निवाडा देणारे गिऱ्हाईक आपल्याही नकळत त्या जुन्या वेलीवर कुऱ्हाड चालवीत असते.

पोर्तुगीज सत्तेशी गोमंतकाचे भांडण होते आणि ते १९६१ साली निकालात निघाले. तेथील कष्टकऱ्याशी आमचे वैर कधीच नव्हते; उलट त्याची अडचण आमच्या ओळखीची आहे. पोर्तुगीजांनीच आणलेल्या काजूपासून आपण फेणी घडविली. २००९ साली तिला भौगोलिक उपदर्शन मिळाले, २०१६ साली राज्याने तिला वारशाचा मान दिला. पण मान कागदावर आणि माल घाईच्या बाजारात, अशी तिची अवस्था आहे. दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा वासानेच नाक मुरडतो आणि आपणही त्याच्या नाकाला प्रमाण मानून तिला शीतपेयात बुडवून देतो.

प्रत्येक बाटलीवर भट्टीचे वर्ष छापावे, मुरलेल्या फेणीला वेगळा दर मिळावा आणि माल राखून ठेवणाऱ्या लहान भट्टीवाल्यास अल्प व्याजाचे कर्ज मिळावे, अशी आमची सरकारकडे मागणी आहे. धीर धरण्याचा उपदेश करणे सोपे असते. त्या धीराचा खर्च कोणी सोसायचा, हे आधी ठरले पाहिजे. तो सारा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकून वारशाच्या गोष्टी करणे ही निव्वळ ढोंगबाजी होय.