जागा बदलताना राऊटर कोणाचा? आधी मिल्कियत ठरवा

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी पुष्कळ जण भाड्याच्या घरात राहतात आणि भाड्याच्या गाळ्यात धंदा करतात. अकरा महिन्यांचा करार संपला, मालकाने भाडे वाढवले किंवा इमारत पुनर्विकासाला गेली की बिऱ्हाड हलवावे लागते. सामान बांधताना भांडी मोजली जातात, कापडाचे ताके मोजले जातात, पण भिंतीवरच्या इंटरनेटच्या डब्याचा हिशेब कोणी करीत नाही. कोणी तो तसाच टांगलेला सोडून जातो, तर कोणी न विचारता पोत्यात कोंबून नेतो. या दोन्ही गोष्टी नुकसानीच्या आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही बाब क्षुल्लक समजू नये. ई-वे बिल काढणे, जीएसटीचे विवरणपत्र भरणे, सुताचे भाव पाहणे, ग्रे कापडाचे फोटो बाहेरगावच्या दलालाला पाठवणे ही सर्व कामे आज इंटरनेटवर चालतात. मोबाईलवर काही वेळ निभावून नेता येते; परंतु गोदामातील कॅमेरे आणि दुकानातील बिलाचा संगणक यांना कायम जोडणी लागते. जागा बदलल्यावर जोडणी आठ दिवस बंद राहिली, तर त्याचा फटका थेट गल्ल्याला बसतो.

तेव्हा पहिला प्रश्न असा की, हा डबा कोणाचा? आपल्या धंद्यात हा प्रश्न रोजचा आहे. जॉबवर्कवर सूत व्यापाऱ्याचे असते आणि माग कारखानदाराचे असतात. कापड विणून झाल्यावर उरलेल्या सुताचा हिशेब द्यावाच लागतो. सूत आपल्या कारखान्यात पडून होते म्हणून ते आपले झाले, असे कोणी म्हणत नाही. इंटरनेटच्या डब्यालाही हाच नियम लावावा. पैसे मोजून विकत घेतला असेल तर ती आपली मिल्कियत. कंपनीने अनामत रक्कम घेऊन किंवा फुकट वापरायला दिला असेल तर ती अमानत.

ही पद्धत नवी नाही. २००५ साली सरकारी टेलिफोन कंपन्यांनी ब्रॉडबँड सुरू केले, तेव्हाही मॉडेम भाड्याने घ्यावा की विकत, असे विचारले जाई. आज फायबरच्या काळात हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. जोडणी करणारा मुलगा येतो, डबा लावतो, पैसे घेतो आणि जातो. पावती पाहिली तरच कळते की ते पैसे अनामत होते, जोडणीचा खर्च होता की डब्याची किंमत होती. आमच्या बाजारातील एका गाळेवाल्याने डबा स्वतःचा समजून नव्या जागी नेला. तेथे त्या कंपनीची तार नव्हती, म्हणून डबा चालला नाही, आणि डबा परत न केल्यामुळे अनामतही अडकली. त्यांच्याजवळ पावती नव्हती, त्यामुळे बोलायला तोंड राहिले नाही.

डबा का चालला नाही, हेही समजून घ्यावे. फायबरच्या जोडणीत दोन कामे असतात. एक, काचेच्या तारेतून येणाऱ्या प्रकाशाचे विजेच्या संदेशात रूपांतर करणे. हे काम करणाऱ्या यंत्राला ओएनटी म्हणतात. दुसरे, ते इंटरनेट घरात वाय-फायने वाटणे. हे राऊटरचे काम. पुष्कळदा दोन्ही एकाच डब्यात असतात. ओएनटीचा क्रमांक कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेला असतो, म्हणून एका कंपनीचा ओएनटी दुसऱ्या कंपनीच्या तारेवर सहसा चालत नाही. वेगळा घेतलेला साधा राऊटर मात्र कोणत्याही कंपनीच्या ओएनटीमागे लावता येतो.

म्हणून ज्यांना वारंवार जागा बदलावी लागते, त्यांनी कंपनीच्या डब्यामागे स्वतःचा एक राऊटर ठेवावा, अशी आमची शिफारस आहे. कंपनी बदलली तरी तो आपल्याबरोबर येतो. त्यातील वाय-फायचे नाव व पासवर्ड तेच राहिल्याने कॅमेरे, प्रिंटर आणि घरातील सर्वांचे फोन नव्या जागी आपोआप जोडले जातात.

जागा बदलण्याचे ठरताच काही गोष्टी कराव्यात. नव्या जागेचा करार करण्यापूर्वीच आपली कंपनी तेथे पोहोचते का, हे विचारावे. पोहोचत असेल तर स्थलांतराचा अर्ज द्यावा आणि जुनाच डबा न्यायचा की नवा मिळणार, हे लेखी घ्यावे. डब्यामागील क्रमांकाचा फोटो काढावा. अ‍ॅडॉप्टर डब्यालाच बांधून ठेवावा. दुसराच अ‍ॅडॉप्टर लावल्याने यंत्र जळू शकते. भिंतीतील काचेची तार ओढून काढू नये, ती तेथेच राहू द्यावी. डबा सोबत न्यायचा असेल तर रिसेटचे बटण दाबू नये, कारण त्याने जोडणीची माहिती पुसली जाते. परत करायचा असेल तर मात्र आपला पासवर्ड पुसावा, आणि क्रमांक लिहिलेल्या पावतीशिवाय डबा कोणाच्या हाती देऊ नये.

काही जण म्हणतात, हजार-दोन हजारांच्या डब्यासाठी एवढा खटाटोप कशाला? त्यांना आमचे सांगणे असे की, प्रश्न केवळ डब्याचा नाही, नावाचा आहे. जोडणी आपल्या नावावर आणि आपल्या ओळखपत्रावर घेतलेली असते. ती चालू ठेवून आपण निघून गेलो आणि नंतर आलेल्या भाडेकरूने तिचा गैरवापर केला, तर चौकशी प्रथम आपल्या दारी येते. दुकान हलवल्यावर नवा पत्ता १५ दिवसांत जीएसटी खात्याला कळवावा लागतो, हे आपण लक्षात ठेवतो. तितकीच दक्षता येथेही हवी. भावाच्या किंवा नोकराच्या नावावर घेतलेल्या जोडणीलाही हेच लागू आहे.

कंपन्यांचीही जबाबदारी आहे. डबा विकला की वापरायला दिला, हे ग्राहकाला वाचता येईल अशा भाषेत बिलावर ठळक छापले पाहिजे. अनामत अडकली तर गप्प बसू नये. तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. तेथे दाद लागली नाही तर मोठ्या कंपन्यांना २०१२ च्या दूरसंचार ग्राहक तक्रार विनियमांनुसार अपील प्राधिकारी नेमणे बंधनकारक आहे. त्याच्याकडे अपील करण्यास पैसे लागत नाहीत.

तोंडी व्यवहारात शेवटी नुकसान लहान माणसाचेच होते. तेव्हा बांधवांनी आजच आपल्या डब्याची पावती शोधावी, आणि सापडली नाही तर कंपनीकडून तिची प्रत मागून घ्यावी. सामान बांधायला घेतल्यावर हे काम होत नाही.