मालवाहू गाडी : डिझेलची कीं गॅसची ?

बैलजोडी घेतांना शेतकरी दांत पाहतो, खांदा पाहतो आणि चार पावलें चालवूनही पाहतो. त्याहून कितीतरी अधिक रकमेची मालवाहू गाडी घेतांना मात्र पुष्कळदां ‘शेजाऱ्यानें कोणती घेतली ?’ एवढ्यावरच निर्णय होतो, हें खेदाचें आहे. वर्षाला चाळीस हजार किलोमीटर धांवणारी गाडी डिझेलचीच असावी, असा आपल्याकडे जणूं सिद्धांतच होऊन बसला आहे. तो पुन्हां तपासून पाहण्याची वेळ आली आहे, असें आमचें मत आहे.

हा सिद्धांत निराधार नव्हता. डिझेल इंजिनांत हवा सोळा-अठरा पट दाबली जाते व त्या उष्णतेनेंच इंधन पेटतें. त्यामुळें इंधनांतील शक्तीचा अधिक हिस्सा कामीं येतो आणि कमी फेऱ्यांतही ओढ चांगली मिळते. शिवाय सरकारनें डिझेलचा भाव दीर्घकाळ उतरता ठेवला होता. ऑक्टोबर २०१४ मध्यें तें नियंत्रण उठलें व तो आधार गेला. पुढें १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आले आणि नव्या डिझेल गाडीच्या धुराच्या मार्गांत काजळी अडविणारी गाळणी बसली. सांचलेली काजळी जळून जाण्यास इंजिन बराच वेळ चांगलें तापून चालावें लागतें. शेत ते गांव अशा तुटक फेऱ्यांत ती तुंबते व खर्चांत पाडते.

आतां गॅसचा हिशेब पाहूं. समजा, डिझेल लिटरला ९१ रुपये असून गाडी १४ किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरला साडेसहा रुपये. गॅस किलोला ८५ रुपये असून गाडी १७ किलोमीटर जाते. म्हणजे पांच रुपये. चाळीस हजार किलोमीटरांस ६०,००० रुपये वांचले. हे आंकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. ज्यानें त्यानें आपले घालावे.

परंतु येथेंच हिशेब मिटवूं नये. साठ लिटर मापाच्या टाकींत २०० बार दाबानें भरलेला गॅस नऊ-दहा किलोच बसतो. म्हणजे वरील गाडी एका भरण्यांत सुमारें १६० किलोमीटर जाईल. नाशिकहून वाशीच्या बाजारास जाणाऱ्याला तेवढें एका खेपेलाही जेमतेम. चाळीस हजार किलोमीटरांस अशीं सुमारें २५० भरणीं होतात. पंप वाटेपासून १० किलोमीटर आंत असेल, तर येण्याजाण्यांतच ५,००० किलोमीटर व २५,००० रुपये जातात. रांगेंतील वेळ निराळा. पहाटेच्या विक्रीची वेळ टळून टोमॅटोचा भाव पडला, तर महिन्याची बचत एका सकाळीं जाते. पोलादी टाक्यांचें वजनही मालाच्या वजनांतून वजा होतें, व दर तीन वर्षांनीं टाकीची चांचणी करावी लागते, तीही विसरूं नये.

वाटेचा चढही पाहावा. नाशिकचा माल कसारा घाट भरलेल्या गाडींतून उतरतो व गाडी बहुधा रिकामी वर येते. तेथें ओढीची चिंता कमी. उलट रत्नागिरीचा आंबा कोल्हापुरास जातांना आंबा घाट भरल्या गाडीनें चढावा लागतो. तेथें डिझेलची ओढ उपयोगी पडते.

म्हणून आमचें सांगणें असें : रोजची वाट ठरलेली असून तिच्यावरच गॅसचा पंप असेल, तर गॅसची गाडी घ्यावी. बाजार हंगामागणिक बदलत असेल, जड माल चढावर न्यावयाचा असेल वा पंप दूर असेल, तर लांब पल्ल्यासाठीं डिझेल आजही योग्य. गांवांतल्या गांवांत फिरणाऱ्यानें मात्र केवळ प्रतिष्ठेसाठीं नवें डिझेल घेऊं नये.

खरेदीपूर्वीं एक हंगामभर वही ठेवावी. तींत प्रत्येक खेपेचें अंतर, वजन, वाट व विक्रीची वेळ टिपावी. दोन गाड्यांच्या किंमतींतील फरकास किलोमीटरमागील खऱ्या बचतीनें भागावें. तो किती किलोमीटरांत फिटतो, हें कळेल. गाडीचें कर्ज आपणच फेडावयाचें आहे; तेव्हां निवडही विक्रेत्याच्या शब्दावर न सोडतां आपल्याच वहीवरून करावी.